उष्णतेने चुंबकात काय वाहते?

इ. स. १८२१ साली बर्लिन शहरात टोमास योहान सीबेक या शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. सीबेक शिक्षणाने वैद्य होते. परंतु घरची स्थिती चांगली असल्याने वैद्यकीवर पोट भरण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही आणि पदार्थविज्ञानाच्या नादात त्यांनी आयुष्य घालविले. त्यांनी दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या घेतल्या, त्यांची टोके एकमेकांस जोडून एक बंद कडे तयार केले आणि त्या कड्यात होकायंत्राची सुई ठेवली. मग एक सांधा तापविला व दुसरा थंडच राहू दिला. सुई हलली. उष्णता काढून घेताच ती पुन्हा जागेवर आली.

आज शाळेतला विद्यार्थीही याचा उलगडा सांगेल. दोन सांध्यांच्या तपमानांत फरक पडला की कड्यातून विद्युत्प्रवाह वाहू लागतो आणि प्रवाहामुळे चुंबकसुई वळते. प्रवाहामुळे सुई वळते हे कोपनहेगनच्या एर्स्टेड यांनी आदल्याच वर्षी, म्हणजे १८२० साली, दाखवून दिले होते. परंतु सीबेक यांना हा उलगडा मान्य नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, येथे विद्युत्प्रवाह वगैरे काही नाही. तपमानातील फरकाने धातूच चुंबक बनतो. पृथ्वी चुंबकाप्रमाणे का वागते, याचे कारणसुद्धा विषुववृत्त उष्ण आणि ध्रुव थंड हेच असावे, असा तर्क त्यांनी पुढे मांडला. एर्स्टेड यांनी या घटनेला ‘उष्णताजन्य विद्युत्’ असे नाव दिले, ते सर्वत्र रुळले. सीबेक मात्र १८३१ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या मतापासून फारसे ढळले नाहीत.

त्यांचा शोध खरा होता आणि त्यांनी दिलेले कारण चूक होते. विज्ञानात असे पुष्कळदा घडते. परंतु या चुकीची गोष्ट तेथेच संपली नाही. जवळजवळ एकशे सत्त्याऐंशी वर्षांनी, २००८ साली, जपानी संशोधकांनी जाहीर केले की, चुंबकाचे एक टोक तापविले असता त्यातून विजेहून निराळे असे काहीतरी वाहते, आणि ते चुंबकत्वाशी थेट निगडित असते. या घटनेला त्यांनी सीबेक यांचेच नाव जोडले. ते ‘काहीतरी’ कोणते, आणि ते खरोखर वाहते की तो केवळ भास, हा वाद पुढे काही वर्षे चालला. आजचा विषय तोच आहे.

प्रथम जुन्या शोधाविषयी थोडेसे. धातूमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. तापलेल्या टोकाकडचे इलेक्ट्रॉन अधिक वेगवान, थंड टोकाकडचे मंद. त्यामुळे तापलेल्या बाजूकडून थंड बाजूकडे इलेक्ट्रॉनांची ओढ सुरू होते आणि दोन टोकांमध्ये थोडासा विद्युद्दाब उत्पन्न होतो. हा दाब प्रत्येक धातूत वेगळा असल्यामुळे दोन निराळे धातू जोडले म्हणजे कड्यातून प्रवाह मिळतो. भट्ट्यांचे तपमान मोजणारी ‘थर्मोकपल’ ही तारांची जोडी याच तत्त्वावर चालते. १९७७ साली अवकाशात सोडलेली ‘व्हॉयेजर’ याने चार दशकांहून अधिक काळ किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेपासून अशाच रीतीने वीज मिळवीत आली. याची उलट बाजूही आहे. सांध्यातून प्रवाह सोडला तर सांधा तापतो किंवा थंड होतो. पेल्तिये या फ्रेंच गृहस्थांनी १८३४ साली हे पाहिले. मूळचे ते घड्याळजी होते. चार वर्षांनी लेंझ यांनी बिस्मथ आणि अँटिमनी यांच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवला व प्रवाह सोडून तो गोठविला. प्रवाहाची दिशा उलटी केली, तेव्हा तोच थेंब वितळला.

या सर्व हिशेबात इलेक्ट्रॉनाचा एकच गुण धरलेला आहे, तो म्हणजे त्याचा विद्युद्भार. परंतु इलेक्ट्रॉनाला आणखी एक गुण आहे. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘परिवलन’ म्हणतात, इंग्रजीत ‘स्पिन’. आपण येथे त्याला फिरकी म्हणू. १९२२ साली फ्रँकफर्टमध्ये श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो पसरट न होता सरळ दोन भागांत फुटला. जणू प्रत्येक अणूत एक इवलासा चुंबक असून त्याला दोनच दिशा ठाऊक होत्या. १९२५ साली लायडेनच्या गाउडस्मिट आणि उलेनबेक या दोन तरुणांनी सुचविले की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा. वयोवृद्ध लोरेन्ट्स यांनी गणित करून दाखविले की, तसे असेल तर इलेक्ट्रॉनाच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाहूनही जास्त भरेल! दोघेही घाबरले आणि लेख परत घेण्याचा विचार करू लागले. परंतु त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी तो आधीच छापावयास पाठवून दिला होता. लोरेन्ट्स यांचा आक्षेप बरोबर होता. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर गरगरत नाही. तरीही गरगरणाऱ्या वस्तूचे कोनीय संवेग आणि चुंबकत्व हे दोन्ही गुण त्याच्या अंगी जन्मजातच असतात. तेव्हा फिरकी हा शब्द उपमेपुरता समजावा. या फिरकीचे प्रकार दोनच. त्यांना उजवी आणि डावी म्हटले म्हणजे आपले काम भागते.

तांब्यासारख्या धातूत उजव्या आणि डाव्या फिरकीचे इलेक्ट्रॉन सारख्याच संख्येने असतात, म्हणून तांबे चुंबक नव्हे. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांत एका फिरकीचे इलेक्ट्रॉन अधिक असतात. त्यांचे इवले चुंबकत्व एका दिशेने साठते आणि सबंध तुकडा चुंबक होतो. अशा धातूतून जाताना एका फिरकीच्या इलेक्ट्रॉनांना वाट सुलभ मिळते, दुसऱ्यांना अडथळा अधिक होतो. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रूनबेर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चुंबकीय धातूंचे अतिशय पातळ थर एकावर एक रचून या भेदाचा मोठा परिणाम मोजला. २००७ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना त्यासाठीच मिळाले. संगणकाच्या चकतीवरील नोंदी वाचणारी सूक्ष्म शीर्षे याच शोधातून निघाली.

येथे ‘पातळ’ म्हणजे किती पातळ, हे सांगितले पाहिजे. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. ज्या थरांविषयी आपण बोलत आहोत ते दहा-वीस नॅनोमीटरांचे असतात. एवढे पातळ थर का लागतात? फिरकी फार काळ टिकत नाही म्हणून. उजवी फिरकी घेऊन निघालेला इलेक्ट्रॉन धक्के खात खात काही अंतर जातो आणि मग त्याची फिरकी बदलून जाते. निकेल-लोखंडाच्या ‘परमॅलॉय’ या मिश्रधातूत हे अंतर अवघे पाच नॅनोमीटरांच्या आसपास भरते. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे तोच अडचण उभी करणार आहे.

आता ‘फिरकीचा प्रवाह’ म्हणजे काय ते पाहू. नदीवर एक पूल आहे, अशी कल्पना करा. पांढरे फेटे बांधलेली शंभर माणसे पुलावरून पूर्वेकडे गेली आणि त्याच वेळी तांबडे फेटे बांधलेली शंभर माणसे पश्चिमेकडे आली. दोन्ही तीरांवरची माणसांची संख्या होती तेवढीच राहिली; पुलावर जकात घेणाऱ्याने माणसे मोजली तर ‘निव्वळ कोणीच गेले नाही’ असे तो म्हणेल. पण पूर्वतीरावर पांढरे फेटे वाढले आणि पश्चिमतीरावर तांबडे. माणसांचा प्रवाह शून्य, फेट्यांचा प्रवाह मात्र पुरेपूर! उजव्या फिरकीचे इलेक्ट्रॉन एका दिशेने आणि डाव्या फिरकीचे तितकेच इलेक्ट्रॉन उलट दिशेने गेले, तर विजेचा प्रवाह शून्य राहतो आणि फिरकीचा प्रवाह मात्र वाहतो. विद्युत्प्रवाह मोजण्याच्या साध्या यंत्राला त्याचा पत्ताच लागत नाही.

मग तो ओळखावयाचा कसा? यासाठी प्लॅटिनम उपयोगी पडते. प्लॅटिनमसारख्या जड धातूत इलेक्ट्रॉनाची गती आणि त्याची फिरकी यांचे नाते फार घट्ट असते. क्रिकेटमध्ये उजव्या आणि डाव्या फिरकीचा चेंडू टप्पा पडल्यावर विरुद्ध बाजूंना वळतो, तसे या धातूत उजव्या फिरकीचा इलेक्ट्रॉन आपल्या एका हाताला आणि डाव्या फिरकीचा दुसऱ्या हाताला वळतो. असे काही घडत असावे हे द्याकोनोव्ह आणि पेरेल या रशियन शास्त्रज्ञांनी १९७१ सालीच सांगितले होते. आता गंमत पाहा. उजव्या फिरकीचे इलेक्ट्रॉन उत्तरेकडे चालले आहेत आणि ते आपल्या डाव्या हाताला वळतात, म्हणजे पश्चिमेस. डाव्या फिरकीचे दक्षिणेकडे चालले आहेत आणि ते आपल्या उजव्या हाताला वळतात, म्हणजे तेही पश्चिमेसच. दोघेही एकाच बाजूला जमतात. तेथे ऋण भार साचतो आणि पट्टीच्या दोन टोकांमध्ये विद्युद्दाब दिसू लागतो. अदृश्य असलेला फिरकीचा प्रवाह अशा रीतीने मोजता येण्याजोग्या विजेत रूपांतरित होतो. २००६ साली जपानच्या केओ विद्यापीठातील इजी साइतोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती प्रयोगाने सिद्ध केली.

दोन वर्षांनी त्याच विद्यापीठात केन-इची उचिदा, साइतोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर सांगितलेला नवा प्रयोग केला. एका स्फटिकाच्या बैठकीवर परमॅलॉयचा सुमारे २० नॅनोमीटर जाडीचा, काही मिलिमीटर लांबीचा थर दिला. त्याच्या टोकाशी प्लॅटिनमची बारीक पट्टी आडवी बसविली. चुंबकाचे एक टोक गरम व दुसरे थंड ठेवले आणि प्लॅटिनमच्या पट्टीतला विद्युद्दाब मोजला. तो निघाला, परंतु तो होता एका व्होल्टच्या काही दशलक्षांशांएवढा. चुंबकत्वाची दिशा उलटी केली, तर दाबाचे चिन्ह उलटले. गरम टोकाशी एक चिन्ह, थंड टोकाशी दुसरे, आणि मधोमध शून्य. उष्णतेने चुंबकातील फिरकी वाहते असा निष्कर्ष त्यांनी काढला व तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सीबेक यांच्या मूळ कल्पनेशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात यावे असे होते.

शोधाचा बोलबाला झाला. पण जाणत्यांच्या मनात पहिल्याच दिवशी एक शंका आली असणार. फिरकी पाच नॅनोमीटरांत पुसली जाते. चुंबकाची लांबी काही मिलिमीटर, म्हणजे त्याच्या कित्येक लक्ष पट. मग एका टोकाच्या उष्णतेची वार्ता दुसऱ्या टोकाला फिरकीच्या रूपाने पोहोचते तरी कशी? चार पावलांवर दम लागणारा माणूस मुंबईहून चालत दिल्लीला पोहोचला असे कोणी सांगितले, तर ऐकणारा प्रथम विचारील, ‘वाटेत गाडी मिळाली होती काय?’

ती गाडी कोणती, याचे उत्तर दोन वर्षांत एका अनपेक्षित बाजूने मिळाले. २०१० साली उचिदा आणि साइतोह यांच्या गटाने चुंबकीय धातूऐवजी विद्युत्‌निरोधक चुंबक घेतला. असेही चुंबक असतात. यिट्रियम, लोखंड आणि प्राणवायू यांचे ‘यिट्रियम-लोह गार्नेट’ हे संयुग १९५६ साली फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथे शोधले गेले. ते चुंबक आहे आणि वीज मुळीच वाहू देत नाही. त्याच जातीच्या गार्नेटावर प्लॅटिनमची पट्टी बसवून तपमानाचा फरक दिला, तेव्हाही पट्टीत विद्युद्दाब मिळाला! आत एकही मोकळा इलेक्ट्रॉन नसताना फिरकी वाहिली. म्हणजे फिरकीला चालण्यासाठी इलेक्ट्रॉनाचे पाय लागतच नाहीत.

हे कसे घडते ते समजण्यासाठी श्रावणातले भाताचे शेत डोळ्यांसमोर आणावे. वारा आला की एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लाट धावत जाते. एकही रोप आपली जागा सोडीत नाही. प्रत्येक रोप किंचित वाकते, शेजारच्याला आपली हालचाल देते आणि पुन्हा उभे राहते. तरीही लाट शेत ओलांडून गेली हे कोणी नाकारणार नाही. निरोधक चुंबकातील अणूंचे इवले चुंबक असेच रांगेने उभे असतात. एक किंचित झुकला की तो शेजाऱ्याला झुकवितो आणि झुकण्याची लाट पुढे जाते. या लाटांची कल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० साली मांडली. त्यांच्या एका घटकाला ‘मॅग्नॉन’ म्हणतात. उष्णता म्हणजे अणूंची अस्वस्थता. चुंबक तापला की त्यात मॅग्नॉन वाढतात, आणि प्रत्येक मॅग्नॉन चुंबकत्वातून थोडे थोडे कमी करतो. फार तापविले की चुंबकत्व नाहीसेच होते. लोखंडाचे सुमारे ७७० अंश सेल्सिअसला, तर या गार्नेटाचे ३०० अंशांच्याही अलीकडे. विजेवर भात शिजविण्याच्या पुष्कळ साध्या भांड्यांत बुडाशी अशीच एक चुंबकीय गोटी असते. पाणी आटून तपमान शंभर अंशांच्या वर चढले की तिचे चुंबकत्व जाते, खटका सुटतो आणि भांडे आपोआप बंद होते. उष्णता आणि चुंबक यांचे हे वैर अनेक घरांत रोज कामाला येते, फक्त ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

गार्नेटाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की गरम बाजूकडील जादा मॅग्नॉन थंड बाजूकडे सरकू लागतात. प्लॅटिनमच्या सीमेपाशी आल्यावर तेथील इलेक्ट्रॉनांना ते आपली फिरकी देऊन टाकतात. लाट बांधावर आपटली की तिचा धक्का बांधाला मिळतो, तसेच हे. मग प्लॅटिनममध्ये इलेक्ट्रॉन एका बाजूला वळतात आणि दाब दिसतो. मॅग्नॉन किती दूर जातात हे २०१५ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात बार्ट व्हान वेस यांच्या गटाने मोजले. गार्नेटावर प्लॅटिनमच्या दोन समांतर पट्ट्या काही अंतरावर बसविल्या. एकीतून फिरकी आत सोडली आणि दुसरीत ती पकडली. नेहमीच्या तपमानाला ती विझण्याचे अंतर सुमारे ९ मायक्रोमीटर, म्हणजे ९,००० नॅनोमीटर भरले. धातूतल्या पाच नॅनोमीटरांच्या मानाने ही मजल मोठीच.

तरीसुद्धा ९ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटर नव्हे! पहिल्या प्रयोगाचे कोडे अर्धेच सुटले होते. २०१० सालीच अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठातील जोसेफ हेरेमान्स, रॉबर्टो मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अर्धवाहक चुंबकावर तसाच प्रयोग केला आणि मग चुंबकाचा थर मध्येच ओरखडून तोडला. आता दोन तुकड्यांत कोणताच चुंबकीय वा विजेचा संबंध उरला नाही. फक्त खालची बैठक अखंड राहिली. तरीही परिणाम जसाच्या तसा! याचा अर्थ वार्ता चुंबकातून जात नव्हती, ती खालच्या बैठकीतून जात होती. स्फटिकातील अणूंची थरथर, जिला ‘फोनॉन’ म्हणतात, तिने ती पोहोचविली असावी, असे त्यांनी सुचविले.

बैठकीकडे लक्ष गेले ते योग्यच झाले. चुंबकाचा थर वीस नॅनोमीटरांचा; त्याखालची बैठक साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे पंचवीस हजार पट जाड. तपमानाचा फरक थराच्या लांबीवर दिला असे आपण म्हणतो, पण उष्णता वाहते ती जवळजवळ सगळी बैठकीतून. आणि ती सरळ आडवीच वाहील याची हमी काय? थोडी तरी उभी, म्हणजे बैठकीतून थरात आणि थरातून वर, झिरपणारच. येथे एक जुना परिणाम आड येतो. १८८६ साली एटिंग्सहाउझेन आणि नेर्न्स्ट यांनी दाखविले होते की, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या धातूतून उष्णता वाहिली तर त्या दोहोंशी काटकोनात विद्युद्दाब उत्पन्न होतो. धातू स्वतःच चुंबक असेल तर बाहेरचे क्षेत्रही लागत नाही. पहिल्या प्रयोगातील मांडणीत उष्णता किंचित उभी झिरपली, तर हा जुना नेर्न्स्ट-परिणाम नेमका त्याच दिशेने दाब देतो ज्या दिशेने नवा शोध दाब देणार. चुंबकत्व उलटले की तोही उलटतो. एका टोकाला उष्णता खालून वर व दुसऱ्या टोकाला वरून खाली झिरपली, तर दोन टोकांची चिन्हेही विरुद्ध दिसतील. सोंग इतके हुबेहूब की ओळखणे कठीण.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील चिएन यांच्या गटाने २०११ साली हा धोका प्रयोगाने पुढे मांडला. मग कसोटी सरळ होती: बैठकच काढून टाकावयाची. डेन्व्हर येथील संशोधकांनी २०१२ साली परमॅलॉय आणि निकेलचे थर सिलिकॉन नायट्राइडच्या अगदी पातळ, अधांतरी ताणलेल्या पडद्यावर दिले. आता उष्णतेला आडवे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. फिरकीचा तो परिणाम दिसला नाही. निराळा, आधी माहीत असलेला परिणामच दिसला. २०१३ साली जर्मनीत रेगेन्सबुर्ग येथे परमॅलॉयवर काळजीपूर्वक पुन्हा प्रयोग झाले, तेथेही मूळ दाव्याला आधार मिळाला नाही. निरोधकांच्या बाबतीत बीलेफेल्ड येथील गटाने २०१५ साली जे दाखविले ते तर फारच बोलके आहे. दाब मोजण्यासाठी प्लॅटिनमच्या पट्टीवर धातूच्या सुया टेकवाव्या लागतात. त्या सुयाच पट्टीतून थोडी उष्णता वर ओढून घेतात! सुई वेगळ्या धातूची घेतली की दाब बदलला. सुई मुद्दाम तापविली की आडवा फरक असल्यासारखा दाब मिळाला. मोजणाऱ्याचा हातच मोजमापात मिसळला होता.

हे ऐकून एखाद्या श्रोत्याला वाटेल की सगळेच मुसळ केरात गेले. तसे झाले नाही. उष्णता उभी झिरपते ही ज्या मांडणीत अडचण होती, तीच मांडणी साइतोह यांच्या गटाने २०१० साली मुद्दाम उभी केली होती. गार्नेटावर प्लॅटिनमचा थर सपाट पसरावयाचा आणि उष्णता सरळ खालून वर, दोन्ही थरांतून आरपार वाहू द्यावयाची. येथे दिशेविषयी शंका नाही, लांब अंतराचे कोडे नाही आणि गार्नेट वीज वाहू देत नसल्यामुळे त्यात नेर्न्स्ट-परिणाम होऊच शकत नाही. एक शंका तरीही उरली. चुंबकाला चिकटलेले प्लॅटिनम संगतीने स्वतःच थोडे चुंबक बनते की काय, आणि दाब त्याचाच असतो की काय? ही शंकाही चिएन यांनीच काढली, आणि ती गैर नव्हती. प्लॅटिनम हा धातू चुंबक होण्याच्या काठावर उभा असतो. त्यावर २०१३ साली जपानमध्ये सोन्याचा उपयोग झाला. सोन्याला असा संगतीचा दोष फारसा लागत नाही. दाब मिळाला. पुढे अनेक देशांतील प्रयोगशाळांत ही उभी मांडणी पुन्हा पुन्हा पडताळून झाली आहे. उष्णता चुंबकाच्या लाटांना चालना देते आणि त्या लाटा फिरकी वाहून नेतात, हे आता ठाम झाले आहे. आडव्या मांडणीतील मिलिमीटरभर अंतराचा मूळ दावा मात्र मागे पडला आहे. ज्यांनी तो केला त्यांच्याच हातून उभी मांडणी निघाली, ही गोष्ट त्यांना हिणविणाऱ्यांनी विसरू नये.

पेल्तिये यांच्या शोधाची नवी जोडही सापडली. ग्रोनिंगेन येथे २०१४ साली गार्नेटावरील प्लॅटिनममधून फिरकी आत ढकलली, तेव्हा सीमा किंचित तापली आणि दिशा उलटी करताच किंचित थंडावली. हा फरक एका अंशाच्या सहस्रांशाहूनही कमी होता. लेंझ यांच्यासारखा थेंब गोठविण्याचे येथे नाव नको.

आता उपयोगाचे काय? जगात उष्णता फार वाया जाते. मोटारीच्या नळकांड्यातून, कारखान्याच्या धुराड्यातून, संगणकांच्या कोठारांतून. तिच्यातून वीज काढण्याचे जुने साधन म्हणजे सीबेक यांचे. परंतु त्यात एक पेच आहे. ज्या पदार्थातून वीज चांगली वाहते त्यातून बहुधा उष्णताही चांगली वाहते, आणि मग तपमानाचा फरक टिकत नाही. धातूंमध्ये या दोन वाहकता हातात हात घालून चालतात हे वीडेमान आणि फ्रान्ट्स यांनी १८५३ सालीच दाखविले होते. नव्या मांडणीत ही गाठ सुटते. उष्णता निरोधकातून जाते, वीज मात्र वरच्या धातूत मिळते, आणि दोन्ही पदार्थ वेगवेगळे निवडता येतात. शिवाय जुन्या साधनात दाब वाढवावयाचा तर शेकडो सांधे एकापुढे एक जोडावे लागतात; येथे थराची लांबी वाढविली की पुरे. म्हणूनच २०१२ साली जपानच्या एन. ई. सी. कंपनीतील संशोधकांनी गार्नेटाचा पातळ थर रंगासारखा लेप देऊन तयार केला व त्यावर प्लॅटिनम चढवून त्यातून वीज मिळवून दाखविली. हे सगळे खरे. पण मिळणारी वीज जुन्या साधनांच्या मानाने फारच थोडी आहे, आणि प्लॅटिनम स्वस्त नाही. कारखान्याच्या धुराड्याला हा लेप देऊन दिवे लागतील असे आज कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

उष्णता आणि चुंबक यांची जवळीक बाजारात आली आहे ती दुसऱ्या वाटेने. संगणकाच्या चकतीवर नोंदी अधिकाधिक दाट लिहावयाच्या तर चुंबकाचे कण लहान करावे लागतात, आणि कण फार लहान झाले की नेहमीच्या उष्णतेनेच त्यांची दिशा बदलते व नोंद पुसली जाते. उपाय म्हणून लोह-प्लॅटिनमसारखा हट्टी चुंबक वापरतात. तो इतका हट्टी असतो की त्यावर लिहिणेही कठीण. म्हणून लिहिण्याच्या क्षणी लेसर किरणाने नेमका तेवढाच कण तापवून मऊ करावयाचा, लिहावयाचे आणि एका नॅनोसेकंदाच्या आसपास तो पुन्हा थंड होऊ द्यावयाचा. या पद्धतीच्या चकत्या ‘सीगेट’ कंपनीने तयार केल्या असून २०२४ साली तिने ३० टेराबाइटांच्या चकत्या जाहीर केल्या. तेथे थराच्या जाडीतून उष्णता किती वेगाने खाली उतरते, यावर अक्षर शेजारच्या अक्षरात मिसळणार की नाही हे ठरते.